मंगल काय म्हणाली

आमच्या घरात एकाच इच्छेला तीन शब्द होते. आई पेडण्याची, तुये गावची. तिच्या माहेरी काही पाहिजे असले की ‘होया’ म्हणत. लग्न होऊन ती डिचोलीला आली, तर इथे सगळे ‘जाय’ म्हणणारे. ‘आली गो आमची पेडण्याची होया’ असे म्हणून जावा-नणंदा इतक्या हसल्या की थोड्याच दिवसांत तिने माहेरचा शब्द गिळून टाकला आणि तीही ‘जाय’ म्हणू लागली. मग कितीतरी वर्षांनी, मी कॉलेजात असताना, बाबांनी फर्मान काढले की यापुढे या घरात मराठीच बोलायची, आणि ‘जाय’च्या जागी ‘हवं’ आले. आई तेव्हा सोलांची कढी गाळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “पेडण्यात होया, डिचोलीत जाय, आता तुमच्यासाठी हवं. शब्द तीन झाले, मिळतं मात्र तेवढंच.” हे तीन शब्द मी आधीच मांडून ठेवते, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावाचून कळणार नाही. स्वयंपाकाला बसण्याआधी सगळे जिन्नस वाट्यांत काढून ठेवायची मला सवय आहे. तुमची आई या सवयीला कंटाळते हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही दोघे दूर आहात आणि मध्येच ‘थांब आजी, जाय म्हणजे काय?’ असे विचारू शकत नाही.

ते दिवस राजभाषेच्या वादाचे होते. गोव्याची भाषा कोकणी की मराठी यावरून शेजाऱ्याचे शेजाऱ्याशी पटत नव्हते. भिंतींवर घोषणा रंगवलेल्या असत, आणि एका भिंतीवर आज लिहिलेले दुसऱ्या दिवशी चुन्याखाली गेलेले असे. माझे बाबा हायस्कुलात मराठी शिकवत. ते मराठीच्या बाजूने सभांमधून बोलत आणि फार चांगले बोलत. त्यांचे एक वाक्य ठरलेले होते: ‘कोकणी ही मराठीचीच बोली, मराठी माणसाला तिचा एकेक शब्द कळतो.’ या वाक्यावर टाळ्या पडत. गंमत अशी की सभेहून घरी येऊन पायताण काढताना अंगठा उंबऱ्याला ठेचला तर त्यांच्या तोंडून जे निघे ते अस्सल कोकणी असे. फर्मानानंतर ते अशा वेळी ओठ घट्ट मिटून उभे राहत, आणि आई आत तोंडाला पदर लावे.

गडग्यापलीकडे दोतोर, म्हणजे डॉक्टर, राहत. गडगा म्हणजे दोन अंगणांमधली चिऱ्यांची बुटकी भिंत. दोतोर कोकणीच्या बाजूचे. पूर्वी ते आणि बाबा संध्याकाळी गडग्याच्या दोन बाजूंना उभे राहून तासभर बोलत. कशावर बोलत ते देव जाणे. वाद पेटल्यापासून दोघांनी बोलणे टाकले होते. त्या अख्ख्या आळीत फोन होता तो दोतोरांकडे. हेही लक्षात ठेवा.

आमच्या अंगणाच्या कडेला दोन खोल्या होत्या. तिथे मंगल आणि तिचे आईवडील भाड्याने राहत. ते सावंतवाडीकडचे. वडील खनिजाचा ट्रक चालवत, शिरगावच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत. दिवसभर रस्त्यावरून त्या ट्रकांचा घुमणारा आवाज येई आणि आमच्या जनेलांच्या, म्हणजे खिडक्यांच्या, गजांवर तांबडी धूळ बसे. ती मी रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसत असे. मंगल माझ्या वयाची, माझ्याच कॉलेजात. लहान असताना ती इथल्या शाळेत आली तेव्हा तिच्याही तोंडी ‘होया’च होता. पोरींनी तिला हसून घेतले असणार, कारण मी तिला ओळखू लागले तोवर ती ‘जाय’ म्हणायला शिकली होती. घराबाहेर ‘जाय’ आणि आईशी बोलताना ‘होया’. माझी आई हे ओळखून होती. मंगल दिसली की ती हळूच विचारी, “चेडवा, लाडू होया?” आणि मंगल हसून ओंजळ पुढे करी.

कॉलेजात मुलींचा क्रिकेटचा संघ निघाला तेव्हा अकरा पुऱ्या होईनात म्हणून आम्ही दोघी गेलो. मी विकेटकीपर झाले, कारण वस्तू जागच्या जागी परत ठेवणे मला जमते. मंगलला गोलंदाजी दिली, कारण दुसरे काही उरले नव्हते. तिने पहिला चेंडू टाकला. तो माझ्या डाव्या हाताला येणार असे दिसत होते म्हणून मी तिकडे सरकले. टप्पा पडला, आणि चेंडू माझ्या उजव्या खांद्याजवळून निघून गेला. मी मागे वळून चेंडूकडे पाहिले, मग मंगलकडे पाहिले. ती स्वतःच्या बोटांकडे पाहत होती.

त्यानंतर आमचे शेणाने सारवलेले खळे हेच मैदान झाले. संध्याकाळी मी भिंतीकडे पाठ करून उभी राहायची आणि ती टाकत राहायची. हा चेंडू वळतो कशाने, हा प्रश्न घरात सगळ्यांना पडला होता. आईचे म्हणणे, आदोळीवर नारळ खवून खवून मनगट तसे झाले. त्यावर माझी आत्या म्हणाली, “असं असतं वैनी, तर गोव्यातली एकूण एक बाई स्पिनर झाली असती.” मंगलचे वडील म्हणत, “माझ्या ट्रकाच्या स्टेरिंगापासून इला ता.” लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून स्टेरिंग फिरवी म्हणे. मला वाटायचे, मोगऱ्याच्या कळ्या गुंफताना तिची बोटे ज्या झटक्याने दोरा वळवत त्यात काहीतरी आहे. मी तिला सरळ विचारले. ती म्हणाली, “बोटांका आवडता ता.” मला अजूनही यापेक्षा चांगले उत्तर सापडलेले नाही. तुम्ही टीव्हीवर चेंडूचे फेरे मोजणारे आकडे बघता ना, तेव्हा मला मंगलचे हेच उत्तर आठवते.

आता आत्या. कुसुमआत्या बाबांची धाकटी बहीण. पुण्याच्या एका कॉलेजात ती मुलींना खेळ शिकवत असे. स्वतः एकेकाळी चांगली खेळलेली होती, आणि त्या वर्षी देशाच्या मुलींच्या संघाच्या निवड समितीत होती. दरवर्षी मे महिन्यात ती घरी येई, फणसाची भाजी आणि पोदेराचे कडक उंडे खायला. पोदेर म्हणजे पाव घेऊन येणारा, आणि उंडे म्हणजे त्याचे गोल पाव. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत यायचा आणि आत्या, आमच्या घरातली सगळ्यात मोठ्या पदाची व्यक्ती, केस न विंचरता फाटकाकडे धावायची. त्या वर्षी संघाचा परदेश दौरा होता आणि समितीपुढे अडचण होती. भरवशाची फिरकी गोलंदाज होती तिचे बोट दुखावले होते. तिच्या जागी कोण, यावर बोलणी चालली होती. चाचणी सामना योगायोगाने पणजीला ठेवला होता आणि गोव्याच्या संघातून मंगलचे नाव गेले होते. गोव्याकडून ती तोवर जेमतेम खेळली होती.

आत्या आली त्या संध्याकाळी मंगल खळ्यात टाकत होती आणि मी पकडत होते. आत्या व्हरांड्यात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसली आणि तिने डोळे मिटले. मला वाटले प्रवासाने दमली. थोड्या वेळाने म्हणाली, “आता टाकलास तो नीट टाकला नाहीस.” मंगल चकित झाली. आत्या डोळे न उघडता म्हणाली, “आवाज ऐकतेय मी. चांगला फिरवलेला चेंडू हवेत भुणभुणतो. भुंग्यासारखा. डोळ्यांनी बघितलं तर बॅटवालीने काय केलं तेच दिसतं. मला ते बघायचं नाही.” मग आम्ही तिघी कितीतरी वेळ नुसता आवाज ऐकत राहिलो. मध्येच ट्रक गेला की थांबायचे, ट्रक गेला की पुन्हा ऐकायचे. खरेच, काही चेंडू मुके येत आणि काही भुणभुणत येत. मुके बरेच होते. मंगलच्या प्रत्येक षटकात एखादा चेंडू कुठेही पडे.

रात्री जेवताना मी आत्याला विचारले की नवख्या मुलीला संघात घ्यावे का, हे ठरवतात कसे. मला खरोखर जाणून घ्यायचे होते. बाबा म्हणाले, “परीक्षेसारखं. जास्त गुण ज्याला, तो.” आत्या हसली. “दुसरी एक आहे, दादा. अनुभवी. तिला दिवसभर बोलिंग दिली तरी कुणी तिला मारणार नाही, आणि कुणी तिच्यावर आउटही होणार नाही. तिला गुण जास्त. ही मंगल दोन चेंडू फुकट घालवील आणि तिसरा असा टाकील की तिचा तिलाच कळणार नाही. जो तिलाच कळला नाही तो समोरचीला काय कळणार?” मग तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. “पण मी हिच्याबद्दल तोंड उघडणार नाही. ही माझ्या भावाच्या बिऱ्हाडात राहते. तिचं नाव निघालं की मी खोलीबाहेर जाईन. बाकीच्या दोघांनी काय ते ठरवावं.” आई म्हणाली, “गो, तू नसलीस तर तिची बाजू कोण घेतलो?” आत्या म्हणाली, “तिचा चेंडू.”

चाचणीचा सामना बघायला मी पणजीला गेले होते. सगळे सांगत बसत नाही. मंगलने पहिल्याच षटकात मार खाल्ला. एक चेंडू तर टप्पा न पडता थेट विकेटकीपरच्या डोक्यावरून गेला. मग दुपारनंतर वारा पडला आणि तिचे चेंडू भुणभुणायला लागले. मी इतकी दूर होते की ऐकू येणे शक्य नव्हते, तरी मला ऐकू आले अशी माझी आठवण आहे. संघात आधीपासून असलेल्या दोन नावाजलेल्या मुलींनी बॅट पुढे घातली आणि मागे वळून आपल्या पडलेल्या यष्ट्यांकडे पाहिले, अगदी मी पहिल्या दिवशी पाहिले होते तसेच.

समितीच्या प्रमुख पेंडसेबाई मुंबईच्या. उंच, पांढऱ्या साडीच्या, मोठ्याने बोलणाऱ्या आणि मनाच्या फार सरळ. त्यांचा एक नियम होता. पूर्वी कधी घरच्यांच्या हट्टाखातर संघात आलेल्या एका नवख्या मुलीला त्यांनी नेले, आणि ती दौरा अर्ध्यावर टाकून रडत परत आली. तेव्हापासून पेंडसेबाई प्रत्येक नव्या मुलीला एकटीला बोलावून तिची स्वतःची इच्छा विचारत आणि ती सांगेल ते प्रमाण मानत. तसे त्यांनी मंगलला बोलावले. आत्या ठरल्याप्रमाणे बाहेर निघून गेली. मी पायऱ्यांवर थांबले होते. मंगल लगेचच बाहेर आली, कानापर्यंत लाल झालेली. “काय विचारलं?” “जाय काय म्हणान.” “मग?” “सांगलंय.” आम्ही दोघींनी हसत बस धरली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्या सकाळच्या बसने पणजीहून घरी आली आणि तिने उंडे बाजूला सारले. तेव्हाच मला कळले की काहीतरी बिनसले आहे. बाबांनी विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, “काही लोकांना देव देतो आणि त्यांना घ्यायची अक्कल नसते.” आईने त्या दिवशी मंगलला जेवायला बोलावले होते. तिचे वडील लईराई देवीचे धोंड, म्हणजे शिरगावच्या जत्रेचे व्रत करणारे. ते व्रतासाठी इतर धोंडांबरोबर राहायला गेले होते आणि तिची आई गावी गेली होती. घरात व्रत म्हणून मंगल मासे खात नव्हती, त्यामुळे आईने आमचेही जेवण शिवराकच केले होते: मुगागाठी, फणसाची भाजी, सोलांची कढी. मंगल येऊन आत्याच्या समोरच्या पाटावर बसली आणि आत्याने मान फिरवली. मंगलच्या ते लक्षात आले. तिने मान खाली घातली ती वर केली नाही. असे जेवण फार लांबते. कुणी बोलत नसले की चुळबुळ ऐकू येते, वाटी सरकलेली ऐकू येते.

आई कढीचे भांडे घेऊन आली. “मंगल, आणखी?”

“जाय.”

बाबांना तेवढीच संधी मिळाली, गंमत करून वातावरण हलके करण्याची. “हवं, मंगल. या घरात हवं म्हणायचं.”

मंगल ताटाकडे बघत पुटपुटली, “काल त्या बायेंकडे पण तोंडातसून ह्योच इलो.”

आत्याचा घास हातातच राहिला. “कोणता?”

“जाय.”

“थांब. पेंडसेबाईंनी तुला काय विचारलं? जसंच्या तसं सांग.”

मंगल घाबरली. “म्हणाल्या, दौरा मोठा आहे, घर सोडून राहावं लागेल, तुला स्वतःला हवंय का? मी इंग्लिशीत उत्तर जुळवायला लागलंय. तर म्हणाल्या, इंग्रजी नको, तुमच्याकडे बोलतात तसं बोल. मग मी म्हटलंय, जाय.”

“एवढंच?”

“एवढाच. मग त्या म्हणाल्या, बरं बाळ, जा तू. मी इलंय.”

आत्याने ताटातच हात झटकला. “अगो बाये! त्यांनी काल रात्री मला सांगितलं, मुलगी नको म्हणाली. ‘जाऊ दे’ म्हणाली. दुसरीचं नाव लिहिलंय त्यांनी!”

क्षणभर कुणाला काही कळेना, आणि मग सगळ्यांना एकदमच कळले. मुंबईच्या कानाला ‘जाय’ म्हणजे जाणे. बाई हवं का म्हणून विचारतात, आणि मुलगी खाली मान घालून म्हणते, जाय. जाऊ दे. राहू दे. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच समजले असते. आईने कढीचे भांडे जमिनीवर ठेवले आणि ती मंगलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “तुमच्याकडे बोलतात तसं बोल म्हणाली ती, आणि तू डिचोलीचा शब्द दिलास? घरचो दिवचो होतो गो. होया म्हणाली असतीस तर कळला असता तिका.” मंगलच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने सांगितले नाही, पण आईला आणि मला कळले. घरचा शब्द परक्यांसमोर काढायचा नसतो हे तिला शाळेनेच शिकवले होते.

पेंडसेबाई संध्याकाळच्या बसने मुंबईला जाणार होत्या, आणि यादी बरोबर घेऊन जाणार होत्या. त्या उतरल्या होत्या तिथे फोन होता. बाबा म्हणाले, “कुसुम, तू कर फोन.” आत्या म्हणाली, “मी नाही करणार. मी लेखी बाहेर झालेय तिच्या बाबतीत. आता मी बोलले तर मी माझ्या माणसासाठी शब्द फिरवला म्हणतील, आणि ते बरोबर म्हणतील.” मी म्हणाले, “मी करते.” “तू तिची मैत्रीण. कोण विश्वास ठेवील? शब्दाचा अर्थ सांगायचाय. तो मराठीच्या मास्तरांनी सांगायला हवा.” सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांना फोन कुठे आहे ते आठवले असावे, कारण ते एकदम उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. परत आले ते टोपी घालून. “चल मंगल,” म्हणाले.

आम्ही गडग्याच्या खिंडीतून न जाता रीतसर रस्त्याने फिरून फाटकातून गेलो. आत्या फाटकाबाहेरच थांबली, आपला नियम पाळून. दोतोर जेवून आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. कित्येक महिन्यांनी बाबा त्यांच्या दारात उभे होते. “फोन करायचा होता,” बाबा म्हणाले. दोतोर उठले. “येयात, मास्तर. थंय आसा.” आणि सभ्यपणे जनेलाकडे जाऊन बाहेर बघत उभे राहिले. खोली लहान होती. ऐकू न येण्याजोगी जागा तिच्यात नव्हती.

पेंडसेबाईंचा आवाज असा होता की रिसीव्हर कानाला लावायची गरज नसे. बाबांनी आपण कोण ते सांगितले. मग म्हणाले, “काल मंगलने आपल्याला जे उत्तर दिलं, त्याचा अर्थ सांगायला फोन केला. ती ‘जाय’ म्हणाली. जाय म्हणजे हवं.”

“असं कसं? जाय म्हणजे जाणं ना?”

“नाही. तो शब्द वेगळा. मराठीत नाही तो. कोकणीत आहे.”

“अहो, पण कोकणी ही मराठीचीच बोली ना? मी तर ऐकलंय, आपल्याला एकेक शब्द कळतो.”

जनेलापाशी दोतोरांची पाठ अगदी स्थिर होती. मी बाबांच्या मानेवरची शीर बघत होते. ते ‘नाही’ म्हणाले तर ते आपल्याच सभेतल्या वाक्याला म्हणणार होते, तेही दोतोरांच्या बैठकीत, दोतोरांच्याच फोनवरून. ‘हो’ म्हणाले तर मंगल गेली. बाबांनी टोपी काढून मेजावर ठेवली.

“नाही कळत, बाई,” ते म्हणाले. “प्रत्येक शब्द नाही कळत. हा आपल्याला कळला नाही.”

“मुलीला द्या,” पेंडसेबाई म्हणाल्या. “पढवलेलं नको. मी विचारते, ती सांगेल.”

मंगलने काळा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, झेल घ्यावा तसा. “हे बघ बाळ, तिकडे दीड महिना. थंडी, परकं जेवण. पहिल्याच सामन्यात तुला मार बसेल, आणि मला लोक विचारतील की ही नवखी कुठून आणली. मी उत्तर देईन. पण तुझं उत्तर आधी हवं. हवंय तुला?” बाबा ओठांनी ‘हवंय’ करून दाखवत होते. मी तिला ‘येस म्हण, येस’ अशा खुणा करत होते. मंगलने आमच्यापैकी कुणाकडे पाहिले नाही. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिची उजव्या हाताची बोटे फोनच्या वायरवर चेंडू फिरवावा तशी फिरत होती.

“होया,” ती म्हणाली.

“काय?”

“होया! माका होया!” ती इतक्या जोरात म्हणाली की फाटकाशी उभ्या आत्याने मान वर केली.

“होय ना? मग झालं. आता नीट कळलं,” पेंडसेबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दोतोर जनेलापासून वळले. आता ते बाबांना काहीतरी ऐकवणार असे मला वाटले. सभेत सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट त्यांना मिळाली नसती. त्यांनी मेजावरची टोपी उचलली, झटकली आणि बाबांच्या हातात दिली. मग विचारले, “मास्तर, चा जाय?”

“अर्धा कप,” बाबा म्हणाले. “साखर बेताची.”

दोतोर खो खो हसले, आणि मग बाबाही. ही गोष्ट दोतोरांनी कुठल्याही सभेत सांगितली नाही. मी लक्ष ठेवून होते. बाबांचे भाषणही मी पुढे एकदा ऐकले. त्यांचे वाक्य थोडे बदलले होते: ‘मराठी माणसाला तिचे बहुतेक शब्द कळतात.’ या ‘बहुतेक’वर टाळ्या पूर्वीसारख्या पडेनात, पण त्यांनी तो काढला नाही. पुढे कोकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झाले. बाबा दोन दिवस फारसे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गडग्यापाशी गेले, आणि दोतोर पलीकडे आधीपासून उभे होते.

निवडीची बातमी आठवड्याभरात आली. फोन दोतोरांकडेच आला, आणि ते रस्त्याने फिरून न येता गडग्याच्या खिंडीतून लुंगी सावरत आमच्या खळ्यात धावत आले. “चेडवाक घेतलें!” मंगलचे वडील जत्रा करून नुकतेच परतले होते, गळ्यात मोगऱ्याची सुकलेली माळ होती. त्यांनी ती काढून मंगलच्या हातात दिली आणि ट्रक बघायला म्हणून बाहेर गेले. ट्रकाला काही झालेले नव्हते. तिकडे पहिल्या सामन्यात मंगलला मार बसला, पेंडसेबाई म्हणाल्या होत्या तसाच. पुढच्या सामन्यात तिला परत चेंडू दिला आणि तिने तो भुणभुणवला. ती काही फार मोठी खेळाडू झाली नाही. काही वर्षे देशाकडून खेळली, खेळाच्या जोरावर नोकरी मिळवली, आणि आता सर्वणला मुलींना शिकवते. डोळे मिटून बसते म्हणे. हे ती कुणाकडून शिकली ते तुम्हाला माहीत आहे.

पेंडसेबाई बऱ्याच वर्षांनी एकदा आमच्याकडे जेवायला आल्या. केस सगळे पांढरे झाले होते, आवाज तोच होता. मंगल त्यांना घेऊन आली होती. आईने हौसेने सोलांची कढी केली होती आणि मुंबईच्या पाहुण्या म्हणून पाटीवर लिहिल्यासारखी मराठी बोलत होती. “आणखी थोडी कढी घ्याल का?” तिने विचारले. पेंडसेबाई ताठ बसल्या. हा शब्द त्या इतकी वर्षे जपून ठेवून आल्या असाव्यात. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “जाय!”

मुंबईची बाई जाय म्हणते, म्हणजे राहू दे म्हणते, हे आईला आता पक्के ठाऊक होते. तिने मान डोलावली आणि पळी परत भांड्यात घातली.

पेंडसेबाई रिकामी वाटी पुढे धरून तशाच बसून राहिल्या. बाबा ताटावर वाकून हसू लागले. मंगलने हात लांब करून आईच्या हातातली पळी घेतली.

“आई,” ती म्हणाली, “त्यांका होया.” आणि तिने वाटी काठोकाठ भरली.